शीळफाटा थांबला नाही

मोहिले सरांना काहीही बिघडल्याचं सांगितलं की ते पहिला प्रश्न एकच विचारायचे, "काल काय बदललं?" सर्व्हर मंद झाला तरी हाच प्रश्न, ऑफिसातला एसी गळायला लागला तरी हाच, आणि आमच्या रिसेप्शनिस्टचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हाही त्यांनी अगदी कळवळून हेच विचारलं होतं. ती रडत रडत "काहीच नाही, सर" म्हणाली. सर म्हणाले, काहीच बदललं नाही असं कधी होत नाही, आपल्याला माहीत नसतं एवढंच. पुढे तिला कळलं की मुलाला परदेशातली नोकरी लागली होती आणि ती बातमी तिच्यापासून लपवून ठेवली होती. तेव्हापासून सरांच्या या प्रश्नाची कोणी फारशी चेष्टा करत नसे.

हे वाचून एका गमतीदार माणसाची हकिगत असेल असं वाटेल. गमतीदार ते होतेच, पण ही हकिगत तशी नाही. हिचा शेवट वाईट आहे, तो गोड करून सांगायची माझी इच्छा नाही, आणि खरं सांगायचं तर माझा राग अजून गेलेला नाही.

आमची कंपनी वागळे इस्टेटमध्ये आहे. ठाण्यापासून टिटवाळा-बदलापूरपर्यंतच्या पॅथॉलॉजी लॅबना आम्ही सॉफ्टवेअर देतो. पेशंटचं नाव, तपासण्या, रिपोर्ट, सगळं आमच्या सर्व्हरवर राहतं. मी सपोर्टला, म्हणजे लॅबवाल्यांचे फोन घेणं आणि त्यांची बोलणी खाणं हे माझं काम. मोहिले सर डेटाबेस सांभाळायचे, म्हणजे ती बोलणी खायची वेळच येऊ नये हे त्यांचं काम. पन्नाशी ओलांडलेले, अर्ध्या बाह्यांचा चौकटीचा शर्ट, चष्मा कायम कपाळावर. राहायला डोंबिवलीला. बोलणं जुन्या शिक्षकांसारखं स्वच्छ. तरुण मंडळी "सर, सिस्टिमची वाट लागली" असं ओरडत आली की ते शांतपणे खुर्ची ओढून द्यायचे आणि आधी पाणी प्यायला लावायचे. घाबरलेल्या माणसाने कीबोर्डला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम होता. बुधवारी त्यांच्या डब्यात सुक्या बोंबलांचं कालवण असायचं. इतरांना वास नको म्हणून ते जिन्यात उभे राहून जेवायचे. नंदाताईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, हाताला अशी चव होती की बुधवारी अर्धं ऑफिस जिन्यात उभं असायचं.

त्यांच्या कामातली एक गोष्ट मात्र समजून घ्यावी लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचा मुख्य सर्व्हर वागळे इस्टेटच्या ऑफिसात होता. त्याची हुबेहूब प्रत शीळफाट्याच्या पुढे एका इमारतीत भाड्याच्या जागेत होती. मुख्य सर्व्हरवर जे जे घडतं त्याची नोंद क्रमाने शीळफाट्याला जाते आणि तिथला सर्व्हर तेच तेच आपल्याकडे करत राहतो. इकडे एक रिपोर्ट चढला की क्षणात तिकडेही चढतो. ठाण्यातला सर्व्हर उद्या जळाला तर शीळफाट्यावरून काम चालू करायचं, असा बेत. पण कधी कधी नोंद जुळत नाही. ठाण्याहून सांगितलेलं असतं की या क्रमांकाचा रिपोर्ट नवा लिही, आणि शीळफाट्याला त्या क्रमांकावर आधीच काहीतरी बसलेलं असतं. मग शीळफाटा चूक दाखवतो आणि जागच्या जागी थांबतो. चूक निस्तरेपर्यंत तो पुढची एकही नोंद घेत नाही. ऑफिसात आम्ही "शीळफाटा थांबला" एवढंच म्हणायचो, आणि सरांच्या खिशातला कंपनीचा फोन वाजायला लागायचा.

या थांबण्यावर सोपा उपाय असतो. नडलेली नोंद वगळायची आणि सर्व्हरला म्हणायचं, चल पुढे. एका ओळीचा हुकूम. दिवा हिरवा होतो, फोन बंद होतो, सगळे चहाला जातात. मोहिले सरांना या उपायाची मनापासून चीड होती.

विनायक नावाचा त्यांचा सहकारी नवा लागला होता तेव्हाची गोष्ट. सर जेवायला जिन्यात गेले असताना शीळफाटा थांबला आणि विनायकने नोंद वगळून तो सुरू केला. सर परत आल्यावर त्याने मोठ्या अभिमानाने सांगितलं. सरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि विचारलं, कोण होतं ते? विनायकला प्रश्नच कळला नाही. तो म्हणाला, कोण म्हणजे? एक रो होती, डेटाची एक ओळ. सरांनी त्याला शेजारी बसवलं, दोन्ही सर्व्हर समोर ठेवले आणि दुपारभर ताडून पाहायला लावलं. अखेर सापडलं ते मुंब्र्यातल्या एका लहान मुलीचं हिमोग्लोबिन होतं. सरांनी ते हाताने जागेवर बसवलं, लॅबला फोन करून खात्री केली, आणि मग विनायकला म्हणाले, "तो सर्व्हर थांबतो ना, तो त्याचा प्रामाणिकपणा आहे. मला जमलं नाही असं तो कबूल करतो. त्याला खोटं बोलायला शिकवू नकोस." त्यानंतर विनायकने कधी नोंद वगळली नाही, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं.

आमचे मालक निखिल सर. वयाने सरांपेक्षा खूपच लहान, वडिलांची कंपनी चालवायला घेतलेले, माणूस वाईट नाही, पण धीर नावाची चीज नाही. त्यांनी एकदा इंटरनेटवर कुठल्याशा बड्या कंपनीच्या सर्व्हरची सेटिंगं वाचली आणि जशीच्या तशी आपल्या सर्व्हरला घालायला लावली. मेमरी इतकी, जोडण्या इतक्या, सगळं दणदणीत. सोमवारी सकाळी लॅब उघडल्या, उपाशीपोटी रक्त द्यायला माणसं रांगेत बसली, आणि आमचा सर्व्हर धापा टाकायला लागला. सगळी मेमरी डेटाबेसने गिळली होती, बाकीच्या कामांना काही उरलंच नव्हतं. माझ्याकडच्या सगळ्या लाइनी एकदम पेटल्या. सरांनी तेव्हा आवाज चढवला नाही. जुनी सेटिंगं परत घातली, आणि पुढचे कित्येक दिवस एका वेळी एकच आकडा थोडासा हलवून, दिवसभर परिणाम पाहून, पटला तर ठेवून, नाही तर मागे घेऊन तो सर्व्हर असा लावला की त्याचा आवाजच यायचा बंद झाला. मी विचारलं, एकदम सगळं का नाही बदललं? ते म्हणाले, भाजीत तिखट, मीठ, गूळ एकदम घातलं आणि बिघडली, तर कशाने बिघडली हे कोणाला विचारायचं?

यावर निखिल सरांनी काय करावं? सगळ्यांसमोर सरांचं तोंडभरून कौतुक केलं. म्हणाले, मोहिले सर आहेत म्हणून मी झोपू शकतो. मला तेव्हा ते ऐकून बरं वाटलं होतं. हरभऱ्याच्या झाडावर चढवलेल्या माणसाला खाली उतरायला शिडी देत नाहीत, हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला.

कारण तो फोन. कंपनीचा तो फोन पाळीपाळीने एकेकाकडे राहावा अशी मूळ पद्धत होती. पण विनायककडे गेला की तो शेवटी सरांनाच विचारायचा, मग निखिल सर म्हणाले की तुमच्याकडेच असू दे, तुम्हालाच तर कळतं. झालं, फोन सरांच्या खिशात कायमचा गेला. नंदाताईंचं माहेर ठाण्याला चरईत, त्यामुळे दर नवरात्रात दोघं टेंभी नाक्याच्या देवीला यायचे. एका वर्षी मी बरोबर होते. तासभर रांगेत उभं राहून आमचा नंबर जवळ आला, समोर देवीचा मुखवटा दिसायला लागला आणि सरांचा खिसा वाजला. ते "आलोच" म्हणून रांगेतून बाहेर पडले आणि एका मिठाईच्या दुकानाच्या पायरीवर लॅपटॉप उघडून बसले. ढोल इतक्या जोरात वाजत होते की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. नंदाताईंनी देवीला दोन वेळा नमस्कार केला. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "एक माझा, एक यांचा. देवीला सांगितलंय, हे दरवर्षीप्रमाणे रांगेतून गेलेत, त्यांचं मनावर घेऊ नकोस." त्या हसत होत्या. सर अजून पायरीवरच होते, आणि मी ओटीचं ताट धरून दोघांच्या मधे उभी होते.

त्यांना मूलबाळ नव्हतं. दोघंच. नंदाताईंची मूत्रपिंडं निकामी होत आल्याचं कळलं तेव्हा सरांनी ऑफिसात कोणाला सांगितलं नाही, मला सांगितलं, तेही रजा कशी मागावी हे विचारायला. आठवड्यातून तीनदा डोंबिवलीच्या एका हॉस्पिटलात डायलिसिस. सर त्यांना घेऊन जायचे, सुई लागली की पलंगाशेजारच्या स्टुलावर बसायचे, आणि नेमका तेव्हा फोन वाजायचा. तिथली सिस्टर चांगली होती, पण तिने सांगितलं की इथे लॅपटॉप चालणार नाही, पाहिजे तर बाहेर बसा. मग ते बाहेर पायऱ्यांवर. नंदाताई आत एकट्या. एकदा मी भेटायला गेले तेव्हा त्या यंत्राला जोडलेल्या होत्या आणि स्टूल रिकामं होतं. मला म्हणाल्या, बस गं, ती जागा तशी रिकामीच असते.

आणि शीळफाटा पूर्वीपेक्षा जास्त वेळा थांबायला लागला होता. "काल काय बदललं" याचं उत्तर सरांना माहीत होतं. निखिल सरांनी लॅबमालकांना दाखवायला रंगीत आलेखांचा एक नवा प्रोग्रॅम करून घेतला होता, आणि मुख्य सर्व्हरवर ताण नको म्हणून तो थेट शीळफाट्यावर बसवला होता. प्रतीवर फक्त वाचायचं असतं, लिहायचं नसतं. हा प्रोग्रॅम तिथे लिहायचा. त्याने लिहिलेल्या ओळी आणि ठाण्याहून येणाऱ्या ओळी एकमेकींवर आदळायच्या. सर निखिल सरांकडे गेले. म्हणाले, तो प्रोग्रॅम तिथून काढा, शीळफाट्याला लिहायची बंदी घाला, आणि मला एक रविवार द्या, मी ती प्रत पुसून मुळापासून नवी करतो. जुन्या डिस्कवर ते दिवसभराचं काम होतं आणि तेवढा वेळ लॅब बंद ठेवाव्या लागल्या असत्या. निखिल सर म्हणाले, रविवारीच तर लॅबना गर्दी असते. पुढच्या महिन्यात बघू. सरांनी विचारलं, मग निदान फोन दुसऱ्या कोणाला द्या, माझ्या घरी आजारपण आहे. त्यावर निखिल सर अगदी मायेने म्हणाले की तुमच्याशिवाय हे कोणाला जमतंय, सर? वहिनींना काही लागलं तर हक्काने सांगा.

सर दर महिन्याला तो रविवार मागत राहिले. दर महिन्याला पुढचा महिना मिळत राहिला. मीही दोनदा भांडले. तुम्ही सपोर्ट बघा, असं मला हसून सांगण्यात आलं.

मग एकदम शांतता झाली. शीळफाटा थांबल्याचं कोणी म्हणेना. सरांचा फोन वाजेना. सगळ्यांना वाटलं, सरांनी काहीतरी जादू केली. निखिल सर म्हणाले, बघा, उगाच रविवार मागत होते. पावसाळा संपता संपता नंदाताई गेल्या. शेवटचे सगळे दिवस सर त्यांच्याजवळ होते, हे मला नंतर त्या सिस्टरने सांगितलं. स्टुलावरून हलले नाहीत म्हणाली. मला तेव्हा तेवढंच एक समाधान वाटलं होतं.

त्या गेल्यावर सर लवकर कामावर आले. बुधवारी डबा नसायचा. जिन्यात कोणी जेवत नसे. त्यांनी आणखी एकदा रविवार मागितला, तोही मिळाला नाही. पूर्वी नाही मिळाला की ते जागेवर येऊन स्वतःशीच बडबडायचे, या वेळी नुसते बसून राहिले. मी चहा आणून ठेवला. तो गार झाला तरी त्यांनी हात लावला नाही.

त्याच हिवाळ्यात एके सकाळी वागळेचा मुख्य सर्व्हर बसला. डिस्क गेली होती, ती परत उठली नाही. निखिल सर घाबरून कीबोर्डकडे धावले. सरांनी त्यांना पाणी प्यायला लावलं आणि काम शीळफाट्यावर वळवलं. लॅब उघडायच्या आत सगळं सुरू झालं. माझ्याकडे एकही तक्रार आली नाही. निखिल सरांनी पेढे मागवले, सगळ्यांना बोलावलं, सरांना मिठी मारली. सरांनी पेढा हातात धरून ठेवला. मला वाटलं नंदाताईंची आठवण आली असेल. त्यांचा चेहरा इतका पांढरा का पडलाय हे विचारायला मी जाणार होते, तेवढ्यात माझा फोन वाजला.

कल्याणच्या लॅबच्या डॉक्टरीणबाई होत्या. टिटवाळ्याच्या एका बाईंचा बायोप्सीचा रिपोर्ट दिसत नाही म्हणाल्या. नाव आहे, तारीख आहे, आत काही नाही. पेशंट समोर बसली आहे आणि मोठ्या हॉस्पिटलने रिपोर्ट मागितला आहे. मी म्हटलं, बघते. तोवर अंबरनाथहून फोन आला. मग उल्हासनगरहून. कोणाची शुगर दुसऱ्याच्या नावावर होती, कोणाचे जुने आकडे होते, कोणी मुळी नव्हतंच. दुपारपर्यंत कळलं की शीळफाट्याची प्रत कितीतरी महिन्यांपासून भोकं पडलेली होती. बॅकअप काढू म्हटलं, तर मुख्य सर्व्हरवर ताण नको म्हणून रोजचा बॅकअपही शीळफाट्यावरूनच घेतला जात होता. त्यातही तीच भोकं. बंद पडलेली डिस्क दुरुस्तीला पाठवली. तिच्यातून फारसं काही निघालं नाही.

विनायकने शीळफाट्याची सेटिंगं उघडली. मी त्याच्या मागे उभी होते, निखिल सर शेजारी. खूप खाली एक ओळ होती. विनायकने ती दोनदा वाचली आणि पडद्यावरून नजर काढून सरांकडे पाहिलं. ती ओळ म्हणत होती, कुठलीही चूक आली तरी वगळ आणि पुढे चालू राहा. एकेक नोंद नव्हे, कायमचंच. त्या ओळीने शीळफाटा कधी थांबणार नव्हता आणि फोन कधी वाजणार नव्हता.

"मी घातली," सर म्हणाले.

निखिल सरांनी कधी, असं विचारलं. नंदाला ॲडमिट केलं त्या आठवड्यात, असं सर म्हणाले. त्यांनी कोणाला दोष दिला नाही, रविवारचा उल्लेखही केला नाही. तो मी केला, मोठ्या आवाजात, आणि निखिल सर उठून केबिनमध्ये गेले. विनायकही गेला. सर माझ्याकडे वळले.

"एका दुपारपुरती घातली होती, माधुरी. तिला फार त्रास होत होता, म्हटलं आज तरी उठायला नको. त्या दुपारी फोन वाजला नाही. आम्ही दोघं नुसती बसलो होतो. कित्येक वर्षांत अशी दुपार मिळाली नव्हती. मग दुसऱ्या दिवशी काढायला हात गेला नाही."

मी विचारलं, आणि त्या गेल्यावर?

"तेव्हा काढली असती तर तो पहिल्याच चुकीवर थांबला असता. मग सगळं सांगावं लागलं असतं. एक रविवार मिळाला असता तर कोणाला न कळता नवी प्रत करता आली असती. मला धीर झाला नाही गं. आत कोण कोण गळतंय हे रोज जाणवायचं, आणि मी खिसा चाचपून फोन गप्प आहे ना, ते बघायचो."

त्यांनी चूक केली होती, मोठी चूक, आणि ती काय आहे हे आमच्यापैकी त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. त्यांना माफ करण्याचा अधिकार मला नव्हता. त्यांच्यावर रागवायचं तर तेही होत नव्हतं. मी नुसती रडले.

टिटवाळ्याच्या त्या बाईंची तपासणी पुन्हा करावी लागली. त्यात वेळ गेला. त्या वेळाने त्यांचं किती बिघडलं हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. सर त्या लॅबमध्ये स्वतः गेले, माझी चूक आहे असं डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, मला सांगून काय उपयोग? पेशंटचा पत्ता त्यांनी दिला नाही, आणि ते बरोबरच होतं. कंपनीने सगळ्या लॅबना कळवलं की तांत्रिक अडचणीमुळे काही माहिती उपलब्ध नाही. सरांनी निखिल सरांना विनवलं की माझं नाव घाला, नेमकं काय झालं ते लिहा, म्हणजे कोणाचे रिपोर्ट तपासून घ्यायचे हे लॅबना तरी कळेल. वकिलांनी नको सांगितलं. सरांकडून राजीनामा घेतला आणि तोही घरगुती कारणासाठी असं म्हणून. आपली चूक आपल्या नावावर असावी एवढंही त्या माणसाला मिळालं नाही.

पुढे कितीतरी दिवस ते लॅब-लॅब हिंडत होते, असं मला फोनवर येणाऱ्यांकडून कळायचं. कागदावरचे जुने रिपोर्ट असतील तर द्या, मी बसून भरून देतो, असं म्हणायचे. बहुतेकांनी कागद रद्दीत घातले होते. काहींनी त्यांना बाहेर बसवून ठेवलं आणि विसरून गेले. मग ते हिंडणंही थांबलं.

पुढच्या वर्षी दिवाळी झाल्यावर मी डोंबिवलीला त्यांच्या घरी गेले. दार त्यांनीच उघडलं. बारीक झाले होते, शर्ट अंगावर लोंबत होता. घर स्वच्छ होतं, फार स्वच्छ. त्यांनी चहा केला, माझ्या मुलाच्या बारावीची चौकशी केली, विनायकचं लग्न ठरलं हे ऐकून बरं वाटलं म्हणाले. मला वाटलं, निभावलं. मग त्यांनी कप खाली ठेवला.

"नवी प्रत केली ना शीळफाट्याला?"

मी म्हटलं, केली. नवा मुख्य सर्व्हर आला, नवी प्रत झाली, आलेखांचा प्रोग्रॅमही तिथून हलवला.

"आणि ती ओळ? काढली ना?"

मी वाटेत ठरवलं होतं की विचारलं तर हो म्हणायचं. पण ते माझ्याकडे अशा नजरेने बघत होते की मला खोटं बोलता येईना. मी सांगितलं. जुनी सेटिंगं तशीच्या तशी नव्या सर्व्हरवर उतरवली गेली, ती ओळही आली. विनायकने काढू या म्हटलं. मीही म्हटलं. निखिल सर म्हणाले की आता प्रत नवी आहे, चुका येणार नाहीत, आणि आल्या तर फोन घेऊन बसायला माणूस कुठे आहे? मिळेपर्यंत राहू दे.

"म्हणजे फोन वाजत नाही," ते म्हणाले.

"नाही, सर. कधीच वाजत नाही."

ते उठले. बाहेरच्या खोलीत गेले, दाराजवळच्या स्टुलावर बसले आणि चपला घालायला लागले. कुठे निघालात, मी विचारलं. वागळेला, म्हणाले, आत्ता जाऊन सांगतो, आज कोणता वार आहे, आता ऑफिस उघडं असेल ना. मग त्यांना आठवलं असावं की त्यांचं कार्ड काढून घेतलंय आणि खालचा वॉचमनही त्यांना वर सोडणार नाही. एक चप्पल पायात होती, दुसरी हातात. मी म्हटलं, सर, मी बोलते पुन्हा. त्यांनी मान हलवली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. मी बराच वेळ थांबले. शेवटी कप धुऊन ठेवले आणि निघाले. दार ओढून घेताना पाहिलं तेव्हाही ते तसेच स्टुलावर बसलेले होते, एका पायात चप्पल घालून.